पिकअपला पाटा वाढवताय? आधी ब्रेक बघा : जुनी गाडी घरी कशी सांभाळायची

बेळगाव : कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, कोथिंबीर भरून बेळगावहून रात्री निघालेल्या पिकअप चोर्ला घाट उतरून उजाडायच्या आत गोव्याच्या बाजारात पोहोचतात. तिकडून येताना कुणी मासळी आणतो, कुणी रिकामा येतो. चंदगड, खानापूर, निपाणी, सावंतवाडी या सगळ्या पट्ट्यात हाच धंदा आणि हीच गाडी. यांतल्या कित्येक गाड्या दहा-बारा वर्षे पळालेल्या आहेत. नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही, म्हणून जुनीच नीट करून चालवायची, असा बहुतेकांचा विचार असतो.

विचार चुकीचा नाही. वेळच्या वेळी निगा राखलेली डिझेल पिकअप दहा वर्षांनंतरही प्रामाणिकपणे काम देते. गडबड होते ती पैसे कुठे घालायचे या क्रमात. चार पैसे हातात आले की आधी मागे एक पाटा वाढतो, मग हौद्याला उंच जाळी येते, त्यानंतर रंग, स्टिकर आणि मोठा हॉर्न. ब्रेक ऑइल मात्र गाडी घेतली तेव्हाचेच असते. जुन्या पिकअपच्या बाबतीत हा क्रम उलटा करायला हवा. ती मूळ होती तशी करणे हीच तिची पहिली सुधारणा. ताकद वाढवण्याचा विषय त्यानंतरचा, आणि बऱ्याचदा तो निघतच नाही.

पाटा वाढला की ब्रेक का कमी होतो?

गाडी मागून बसायला लागली की गॅरेजमध्ये हमखास होणारा संवाद असा : "मालक, एक पाटा टाकून देऊ काय?" "टाक बाबा, क्रेट जरा जास्त बसतील." काम अर्ध्या दिवसाचे, खर्चही फार नाही. गाडी मागून उचललेली दिसते, मालक खूश.

पण मागच्या ॲक्सलजवळ चॅसीला एक लहान व्हॉल्व्ह असतो आणि एक दांडी त्याला ॲक्सलशी जोडते. बऱ्याच पिकअपमध्ये कंपनीनेच तो बसवलेला असतो. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दांडी खाली राहते आणि मागचा दाब कमी होतो. तसे नसते तर रिकाम्या गाडीची मागची चाके ब्रेक मारताच जाम होऊन गाडी आडवी फिरली असती.

आता पाटा वाढवला की काय होते बघा. हजार किलो भरले तरी हौदा पूर्वीइतका बसत नाही. दांडी जागची हलत नाही, आणि व्हॉल्व्हला वाटते की गाडी रिकामीच आहे. वजन वाढलेले आणि मागच्या ब्रेकचा दाब मात्र रिकाम्या गाडीचा. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर पुढचे ब्रेक तापले, जळका वास आला आणि पेडल खाली जायला लागले की कळते.

काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असतो, तर काहींत दांडी तुटली म्हणून तारेने बांधून ठेवलेली असते. घरी तपासायला पाच मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागेवर उभी करायची, चाकांना दगड लावायचे आणि मागून टॉर्च मारून बघायचे : दांडी जागेवर आहे का, तिचे रबर शाबूत आहे का, व्हॉल्व्हच्या भोवती ओल आहे का. दांडी कमी-जास्त करणे हे मात्र घरचे काम नाही. ते कंपनीच्या मापानुसार, जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

पाटे बसले असतील तर उपाय वेगळा आहे. सेट उतरवून तुटलेला पाटा बदलायचा, बाकीच्यांना मूळ कमान द्यायची, बुश आणि शॅकल नवे घालायचे आणि मधला बोल्ट नीट कसायचा. एवढे केले तरी गाडी पुष्कळ उचलते.

किती भरायचे, ते आरसीवरच लिहिलेले असते

आरसीवर दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि मालासह एकूण. समजा, एकूण २,९५० किलो आणि रिकामी १,७०० किलो. फरक १,२५० किलोचा. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतच्या माणसाचे मिळून १५० किलो वजा केले की उरतात १,१००. भरलेला क्रेट २५ किलोचा धरला तर ४४ क्रेट झाले. मालकाने स्वतःच्या आरसीवरचे आकडे घेऊन हा हिशेब एकदा कागदावर मांडावा आणि केबिनमध्ये चिकटवून ठेवावा.

हौद्यावर लोखंडी सांगाडा, जाड पत्रा, वरचे कॅरियर असे काही जोडले असेल तर त्याचेही वजन यातूनच जाते. १०० किलो लोखंड लावले म्हणजे रोजचे चार क्रेट कायमचे कमी झाले. डिझेल लागते ते वेगळेच.

जादा वजन सापडले तर केंद्रीय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. नाशवंत माल असेल तर दंडापेक्षा तोच फटका मोठा.

ब्रेक : घरी करता येतील अशा चार तपासण्या

पहिली तपासणी बूस्टरची. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबायचे. ते कडक झाले की पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करायची. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नाही गेले तर व्हॅक्यूम मिळत नाही असे समजावे. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम स्वतंत्र पंपातून येतो आणि बऱ्याच पिकअपमध्ये तो पंप डायनामोच्या मागेच जोडलेला असतो. बेल्ट ढिला, नळी फुटलेली किंवा पंप झिजलेला, यांपैकी काहीतरी सापडेल.

दुसरी तपासणी मास्टर सिलिंडरची. पेडल अर्धा मिनिट जोर देऊन दाबून धरायचे. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. अशा गाडीत माल भरू नये.

तिसरी तपासणी चाकाच्या आतल्या बाजूची. ड्रमच्या खाली किंवा टायरच्या आतल्या कडेला ओल दिसली तर बोट लावून बघायचे. पातळ आणि निसरडी ओल म्हणजे ब्रेक ऑइल, जाड आणि उग्र वासाची म्हणजे ॲक्सलचे ऑइल. दोन्हींत लायनर भिजतो. भिजलेला लायनर घासून वापरण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो.

चौथी तपासणी ऑइलच्या वयाची. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेक तापले की आतले पाणी उकळते, वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल काढून नवे भरून घ्यावे. कुठले भरायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. इंजिन ऑइल किंवा दुसरे कुठलेही तेल त्यात चुकूनही पडता कामा नये, सगळी रबरे फुगून बाद होतात.

यात ड्रायव्हरचाही वाटा आहे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे ही सवय जीवघेणी आहे. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूम पंपही थांबतो आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

अंगणात गाडी खोलताना

घरी काम करायचे तर हत्यारांवर थोडा खर्च करावा : पान्यांचा सेट, चांगला जॅक, दोन लोखंडी स्टँड, हवेचा गेज, ग्रीस गन, एक साधा मल्टिमीटर. यांतला स्टँड सर्वांत महत्त्वाचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, विटा रचून तर मुळीच नाही. विटेवर भार आला की ती सांगून फुटत नाही.

ब्रेक ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि चालू इंजिनच्या बेल्टजवळ उपरणे, ओढणी, सैल बाही नेऊ नये.

ब्रेकची जोडणी, डिझेल पंपाचे सेटिंग, स्टिअरिंग बॉक्स आणि चॅसीचे वेल्डिंग या चार गोष्टी घरी करू नयेत. बाकी बरेच काही करता येते.

इंजिन : तेल, हवा, पाणी, डिझेल

सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर ऑइलची पट्टी बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेल इंजिनचे ऑइल लवकर काळे पडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ते दुधट, चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. गाडी सुरूच करू नये. ऑइल आणि ऑइल फिल्टर नेहमी एकत्र बदलावेत, पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला. गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा बदलणे बरे. काढलेले ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

हवेचा फिल्टर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ऊसतोडीच्या दिवसांत चिकोडी, अथणी, कागल भागातले रस्ते धुळीने भरलेले असतात. फिल्टर चोंदला की गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि डिझेल जास्त पिते. मग मालक पंपाच्या सेटिंगवर पैसे घालतो. कागदी फिल्टर साफ करायचा तर कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी, बाहेरून आत नव्हे. दोन-तीनदा साफ केल्यावर नवाच घालावा. फिल्टरपासून इंजिनकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असेल तर नव्या फिल्टरचा काही उपयोग नाही, धूळ त्या चिरेतून आत जाते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी बहुतेक गाड्यांत पाणी सोडायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात तो अधूनमधून ढिला करून पाणी काढावे. नंतर गाडी सुरू होत नसेल तर लाइनमध्ये हवा धरली आहे. हातपंप असलेल्या गाडीत तो मारून हवा काढता येते. उगाच सेल्फ मारत बसले की बॅटरीही उतरते.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो आणि उन्हाळ्यात गाडी घाट चढताना तापते. डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात कुलंट मिसळून वापरावे. तयार मिसळलेले मिळते त्यात वर पाणी घालायचे नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अजून चालू आहे. त्याने आजार तसाच राहतो, वर इंजिन थंड राहून डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. तापण्याची खरी कारणे वेगळीच असतात : चोंदलेला रेडिएटर, ढिला बेल्ट, फॅनची जोडणी, दाब न धरणारे झाकण किंवा खराब झालेला वॉटर पंप. झाकण तर किरकोळ किमतीत मिळते, सुरुवात तिथूनच करावी.

टर्बो असलेल्या गाडीत घाट चढून आल्या आल्या चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवावे. टर्बोचे आयुष्य त्यावर आहे.

ग्रीस, चाके आणि बॅटरी

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना आणि स्टिअरिंगचे जोड यांत ज्या ठिकाणी निपल दिले आहेत तिथे महिन्यातून एकदा ग्रीस मारावे. आधी निपल पुसून घ्यावे, नाहीतर मातीच आत जाते. पुढचे चाक उचलून वर-खाली हलवले आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंग पिन, बॉल जॉइंट यांच्याकडे संशय. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉडच्या टोकांकडे. खेळ सापडला की पुढचे काम मिस्त्रीचे.

टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर चिरलेला जुना टायर पुढे लावू नये. रिमोल्ड टायर वापरायचेच असतील तर मागे. चाक बदलल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने कसावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघावा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली की सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून व्हॅसलिन लावावे. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीला मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर डायनामो ठीक. नवी बॅटरी घेण्याआधी एवढे बघितले तर कधी कधी हजारो रुपये वाचतात, कारण दोष अनेकदा अर्थिंगच्या गंजलेल्या तारेत असतो.

परवडणाऱ्या सुधारणा आणि महागात पडणाऱ्या

जुन्या गाडीचा हेडलाइट मंद वाटतो तेव्हा बल्बपेक्षा वायरिंगचा दोष जास्त असतो. काही गाड्यांत दिव्याचा सगळा करंट केबिनमधल्या स्विचमधून जातो आणि जुन्या तारांत व्होल्टेज पडते. फ्यूजसह रिले बसवून बॅटरीवरून थेट लाइन दिली की त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बचा उजेड लक्षणीय वाढतो. उलट, जादा वॅटचा बल्ब होल्डर वितळवतो, आणि साध्या काचेत घातलेला स्वस्त एलईडी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. धुक्यात आणि पावसात तो ड्रायव्हरलाही फारसा उपयोगी पडत नाही.

परावर्तक पट्ट्या नव्या लावाव्यात : पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. रात्री बंद पडलेली गाडी लांबून दिसते ती या पट्टीमुळे. फाळक्याच्या कड्या आणि साखळ्या, ताडपत्रीचे हूक, मागचे दिवे, रिव्हर्स हॉर्न, सीट बेल्ट यांवरचा खर्चही वाया जात नाही.

हौदा लांब करणे, चॅसी वाढवणे किंवा दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे यांपासून मात्र दूर राहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी तफावत पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीला वाद घालायला आयते कारण मिळते ते वेगळे.

मासळीचे पाणी आणि गंज

गोवा-कोकणात फिरणाऱ्या गाडीचा मोठा शत्रू गंज आहे. मासळीच्या क्रेटमधले खारट पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर, पाट्यांवर आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर ठिबकत राहते. असा फेरा झाला की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवावी. हौद्याच्या पाण्याची भोके मोकळी ठेवावीत.

पावसाळ्याआधी जळके ऑइल चॅसीवर मारायची जुनी पद्धत आहे. त्याने बुश आणि नळ्यांचे रबर खराब होते, धूळ चिकटते आणि ऑइल ड्रममध्ये उतरले तर ब्रेक जातो. त्यापेक्षा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, प्रायमर आणि चॅसी पेंट मारणे चांगले. पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चॅसीला चीर दिसली किंवा हातोडीच्या ठोक्याने पापुद्रे निघाले, तर रंग मारून झाकू नये. ती गाडी आधी जाणकाराला दाखवावी.

पासिंग म्हणा की एफसी

महाराष्ट्रात ज्याला पासिंग म्हणतात त्याला बेळगावात एफसी म्हणतात. तिकडचे पीयूसी इकडे एमिशन होते. नावे वेगळी असली तरी मूळ केंद्रीय नियम सगळीकडे एकच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. १५ वर्षांवरील गाड्यांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आणि त्यानंतरही बदल झाले. त्यामुळे चालू दर परिवहन पोर्टलवर बघूनच तयारी करावी. अनेक केंद्रांवर आता ब्रेक आणि दिवे यंत्रावर तपासले जातात. तिथे ओळख चालत नाही, ब्रेकच चालावा लागतो.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. त्यामुळे राज्याची हद्द ओलांडताना लहान पिकअपला मोकळीक मिळते. पण फिटनेस, विमा, कर आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांतून सुटका नाही. आपली गाडी ३,००० च्या आत आहे की वर, हे आरसीवर बघावे. एकाच नावाच्या पिकअपची वेगवेगळी मॉडेल या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडतात.

स्वस्त मिळते म्हणून कोल्हापूरची एमएच-०९ गाडी बेळगावात किंवा बेळगावची केए-२२ गोव्यात घेणारे बरेच आहेत. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. फॉर्म २८ तो हाच. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. नव्या राज्याचा कर किती पडेल हे विचारल्याशिवाय इसार देऊ नये. किमतीतली बचत तिथेच संपू शकते. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथल्या मालकांनाही हाच नियम लागू आहे.

ठेवायची की काढायची?

हा प्रश्न मनाने सोडवला की फसतो, वहीने सोडवावा. समजा नव्या गाडीसाठी आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण १७,००० रुपये, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या थोडे वर. वर नव्या गाडीचा जास्तीचा विमा, आणि दरवर्षी कमी होणारी तिची किंमत.

दुसऱ्या बाजूला जुनी गाडी. ती महिन्याला २,००० किलोमीटर फिरते आणि प्रत्येक किलोमीटरला दोन रुपये दुरुस्तीसाठी बाजूला काढले, तर वर्षाला ४८,००० रुपये जमतात. लायनर, बेल्ट, ऑइल, फिल्टर, बॅटरी यांसारख्या नेहमीच्या कामांना हा पैसा मोठा आधार देतो. टायर, क्लच अशा मोठ्या कामांसाठी आणखी रुपयाभर वाढवावा लागेल. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या वहीतून निघेल. त्यासाठी तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम एवढे चार रकाने पुरेत. पाचवा रकाना मात्र विसरू नये : गाडी किती दिवस उभी राहिली. भाजीच्या हंगामात चुकलेला एक फेरा हाही खर्चच आहे.

दुरुस्ती आणि बुडालेले दिवस मिळून सलग दोन वर्षे हप्त्याच्या जवळ जायला लागले, तर जुनी गाडी आता परवडत नाही. चॅसी गेली असेल तर वहीही लागत नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर, नवी मालवाहू गाडी घेताना मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. आपल्या राज्यात ती कशी लागू आहे, हे आरटीओत विचारून घ्यावे.

इंजिन दमले म्हणून मात्र घाई करू नये. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, ग्राइंडिंग, बोअरिंगची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. चॅसी, गिअरबॉक्स आणि बॉडी चांगली असेल तर इंजिनचे काम करून गाडी आणखी काही वर्षे चालू शकते. दर दोन-तीन ठिकाणी विचारावा, जुने सुटे भाग परत मागावेत आणि पक्के बिल घ्यावे.

पावसाळ्यापूर्वी एवढे करा

• मागचा ब्रेक व्हॉल्व्ह, त्याची दांडी आणि ब्रेकच्या नळ्या बघणे
• ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलणे
• टायरची नक्षी, वय आणि स्टेपनीची हवा तपासणे
• वायपरचे रबर, सगळे दिवे आणि परावर्तक पट्ट्या
• डिझेल फिल्टरमधले पाणी काढणे, हवेचा फिल्टर साफ करणे
• फॅन बेल्ट, होज पाइप आणि त्यांच्या क्लिपा
• ताडपत्री, दोरी, फाळक्याच्या साखळ्या
• फिटनेस, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा वहीत लिहिणे

यातले बहुतेक काम एका रविवारचे आहे. पाटा वाढवायला जितके पैसे जातात, साधारण त्याच पैशात ब्रेक ऑइल आणि दोन फिल्टर बसतात. चार क्रेट कमी बसले तर त्या फेऱ्याचा नफा थोडा कमी होईल. गाडी आणि ड्रायव्हर मात्र दुसऱ्या रात्री पुन्हा घाट उतरायला शाबूत असतील.